मदत हवी आहे: मेंदूच्या उजव्या बाजूच्या पक्षाघातानंतर बोलणे शाबूत, पण लाक्षणिक अर्थ निसटतो

नमस्कार. माझ्या आत्याला गेल्या पावसाळ्यात मेंदूच्या उजव्या अर्धगोलात गुठळी अडकून पक्षाघात झाला. डाव्या हातापायांत बरीच शक्ती परत आली आहे. तिला शब्द अडत नाहीत, वाक्ये पहिल्यासारखी स्वच्छ येतात, आणि म्हणूनच घरी सोडताना वाचेच्या उपचारांची गरज नाही असे आम्हाला सांगण्यात आले.

अडचण वेगळीच आहे. कंत्राटदाराने ऐनवेळी हात वर केले, असे घरात कोणी म्हणाले तर तो हात कशासाठी वर करत होता, असे ती मनापासून विचारते. टोमणा, गर्भितार्थ, आवाजातील नाराजी हे सारे तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र ‘हात वर करणे म्हणजे काय?’ असे थेट विचारले, की ‘जबाबदारी नाकारणे’ हे उत्तर ती क्षणात देते. अर्थ ठाऊक आहे, तरी बोलण्याच्या ओघात तो हाताशी येत नाही. याचे कारण मला समजून घ्यायचे आहे.

वाचन करताना एलेन विनर आणि हॉवर्ड गार्डनर यांचा १९७७ चा अभ्यास सापडला. ‘जड अंतःकरण’ अशा अर्थाच्या वाक्यासाठी चार चित्रांतून एक निवडायला सांगितले असता, उजव्या अर्धगोलाला इजा झालेले रुग्ण पुष्कळदा अवजड हृदय वाहून नेणाऱ्या माणसाचे चित्र निवडत, पण तोंडी अर्थ विचारल्यास बरोबर सांगत. डाव्या बाजूला इजा झालेल्या, वाचाघाताच्या (म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा वापरणे अवघड झालेल्या) रुग्णांचे उलट होते: चित्र योग्य निवडत, पण अर्थ शब्दांत मांडणे त्यांना जड जाई. आत्याचे वर्णन पहिल्या गटाशी इतके जुळते, की मी तो भाग पुन्हा पुन्हा वाचला.

बर्जेस आणि सिम्प्सन यांनी १९८८ मध्ये अनेकार्थी शब्दांवर प्रयोग केला. त्यानुसार डाव्या अर्धगोलात शब्दाचे दोन्ही अर्थ लगेच जागे होतात आणि पाऊण सेकंदाच्या आत कमी वापरातला अर्थ मागे पडतो. उजव्या अर्धगोलात तो कमी वापरातला अर्थ उशिरा जागा होतो, पण डावीकडे तो मागे पडलेला असतानाही इथे उपलब्ध असतो. मार्क बीमन यांची १९९४ ची मांडणीही याच दिशेची आहे: डावा अर्धगोल मोजके, जवळचे अर्थ ठळकपणे धरतो, तर उजवा दूरच्या अर्थांचे विस्तृत पण क्षीण जाळे जागे ठेवतो, ज्यातून संदर्भाला जुळणारा अर्थ पुढे येऊ शकतो.

तथापि ‘डावा मेंदू तर्काचा, उजवा कल्पनेचा’ ही लोकप्रिय विभागणी मला पटत नाही. राप आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे दाखवणारी तपासणी) वापरून केलेल्या अभ्यासात, साध्या रूपकात्मक वाक्यांना सर्वाधिक प्रतिसाद डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या, खालच्या भागात दिसला. भाषाशास्त्रज्ञ राशेल गिओरा यांच्या मते तर रूपक की शब्दशः, यापेक्षा तो अर्थ किती रुळलेला आहे हे महत्त्वाचे. तसे असेल तर ‘हात वर करणे’ यासारखा घासून गुळगुळीत झालेला वाक्प्रचार आत्याला सोपा जायला हवा होता, आणि नेमका तोच अडतो.

म्हणून स्पीच थेरपिस्ट, मेंदूविकारतज्ज्ञ आणि अशा रुग्णाची काळजी घेतलेल्या सदस्यांना विचारतो. तिची अडचण अर्थ जागा होण्यात आहे, की ऐकलेला प्रसंग, बोलणाऱ्याचा सूर आणि शब्द यांची सांगड घालण्यात? वर्तमानपत्राची डावी बाजू अजूनही तिच्या नजरेतून सुटते. मग चित्रे दाखवून केलेल्या चाचणीत भाषेची आणि लक्ष देण्याची अडचण वेगळी कशी ओळखावी? वाक्प्रचार सुटा न देता लहानशा प्रसंगात गुंफून, त्यानंतर ‘असे तो का म्हणाला?’ असे विचारण्याचा सराव आम्ही घरी सुरू करावा का, की त्यामुळे ती अधिक गोंधळेल?

मराठीतून अशी तपासणी आणि सराव घेणारे कोणी पुण्यात किंवा मुंबईत असल्यास कृपया कळवा. घरचे लोक तिच्याशी आता जपून, तुटक बोलू लागले आहेत आणि ते तिच्या लक्षात येते, त्यामुळे काय टाळावे हे सांगितलेत तरी आम्हाला मोठा आधार होईल.