शहाला पाडलं कुणी: चाळिसाव्याने, तेलाने की बराकीने?

महालकर
रविवारी नागपुरात धंतोलीच्या आपल्या बैठकीत एक विधान फारशी चर्चा न होता मान्य झालं: इराणची राजेशाही १९७९ मध्ये मशिदींनी उलथवली. मला हे पटत नाही. मोर्चे जानेवारी १९७८ पासून निघत होते आणि शहा, म्हणजे इराणचा राजा, जागचा हलला नव्हता. तो हलला तेल कामगारांनी व्हॉल्व्ह बंद केल्यावर.

हिशेब बघा. हे राज्य करांवर चालत नव्हतं, तेलाच्या पैशावर चालत होतं. रोजचं उत्पादन ५५ ते ६० लाख बॅरल. सप्टेंबरात तेहरानच्या रिफायनरीपासून संप सुरू झाला, ऑक्टोबरात अबादानची रिफायनरी आणि खुझेस्तान प्रांताची तेलक्षेत्रं त्यात आली, कामगार सुमारे ३७ हजार. उत्पादन १५ लाखांच्या आसपास घसरलं. ६ नोव्हेंबरला जनरल अझहारींचं लष्करी सरकार आलं. त्यांनी पगारवाढ आणि दमदाटी दोन्ही वापरून काही आठवडे उत्पादन वर आणलं. डिसेंबरात दुसरा संप झाला आणि महिनाअखेरीस निर्यात ठप्प. १६ जानेवारी १९७९ ला शहा देश सोडून विमानात बसला.

सोबतचे संपही बघा. वीज कामगार रात्री बातम्यांच्या वेळी वीज घालवायचे, म्हणजे सरकारी टीव्ही आपोआप बंद. कस्टमवाले औषधं, बाळांचं खाणं असा निवडक मालच सोडायचे. मध्यवर्ती बँकेच्या कर्मचाऱ्यांनी तर परदेशात पैसा पाठवणाऱ्या बड्या लोकांची यादीच बाहेर काढली. यात मौलवी कुठे दिसतो?

इतवारीकर
दिसत नाही, कारण तुम्ही सुरुवातच सप्टेंबरपासून केली. ७ जानेवारी १९७८ ला 'एत्तेलाआत' दैनिकात हद्दपार धर्मगुरू खोमेनींची निंदा करणारा लेख आला. ९ तारखेला कोम या धर्मशिक्षणाच्या शहरात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. शिया रिवाजात मृताचा चाळिसावा पाळतात. तो १८ फेब्रुवारीला आला आणि तबरीझ शहर पेटलं. तिथल्या मृतांचा चाळिसावा मार्चअखेरीस, यझ्दमध्ये गोळीबार. त्यानंतरचा मेमध्ये. पक्षांवर बंदी, सावाक, म्हणजे शहाचे गुप्त पोलीस, दारात, तरीही पुढची तारीख, जागा आणि जमाव आपोआप ठरलेला. दुसऱ्या कुठल्या संघटनेकडे हे होतं?

शिवाय संपावरच्या माणसाच्या घरी चूल कोण पेटवतं? बाजार. १९७५ मध्ये महागाई आवरायला म्हणून शहाने आपल्या पक्षाची तरुण पोरं तपासनीस म्हणून दुकानांत घुसवली आणि हजारो दुकानदार तुरुंगात घातले. महागाई आली होती तेलाचा पैसा एकदम ओतल्यामुळे, दंड मात्र भरला किराणावाल्याने. गांधीबागेतल्या ठोक व्यापाऱ्याची उधारी बंद झाली तर विदर्भातल्या किती दुकानांची शटर पडतील, तसाच तेहरानच्या बाजाराचा पसारा. तो गेला मशिदीकडे, आणि संपकऱ्यांच्या पगाराची सोय त्याच पैशातून झाली. संप हे हत्यार खरं, पण धार लावणारा हात कुणाचा होता ते बोला.

महालकर
चाळिसाव्याचं चक्र जूनमध्ये तुटलं हे सांगायला विसरलात. १७ जूनला कोमचे बडे धर्मगुरू शरियतमदारींनीच लोकांना घरी बसायला सांगितलं आणि दिवस शांततेत गेला. चक्र आपोआप फिरत असतं तर जुलै पेटायला हवा होता.

इतवारीकर
आणि ऑगस्टमध्ये कसं पेटलं? ५-६ तारखेच्या सुमारास रमजान लागला, म्हणजे रोज रात्री मशिदी भरलेल्या. ११ ला इस्फहानमध्ये मार्शल लॉ. १९ ला अबादानच्या रेक्स सिनेमात आग लागून शेकडो माणसं जळाली. ती लावली कुणी यापेक्षा लोकांनी दोष कुणाला दिला ते महत्त्वाचं, आणि तो दिला सावाकला. तुमच्या अबादानचे तेल कामगार त्यानंतर दोन महिन्यांनी संपावर गेले, हेही नोंदवा.

कामठी_रोड
दोघंही बंदूकवाल्याला विसरताय. सरकारचं तेल बंद होऊनही सरकार तगू शकतं, गोळी चालली पाहिजे.

इराणकडे सुमारे ४ लाखांचं सैन्य होतं, पण तयारी परदेशी शत्रूशी लढायची. गर्दी पांगवण्याचं साहित्य आणि सराव दोन्ही तुटपुंजे. म्हणजे अधिकाऱ्यापुढे दोनच पर्याय, बघत राहा किंवा खऱ्या गोळ्या झाडा. ८ सप्टेंबरला तेहरानच्या 'झाले' नावाच्या चौकात गोळ्याच झाडल्या गेल्या. मार्शल लॉ पहाटे जाहीर केला, तोपर्यंत बऱ्याच लोकांच्या कानावरही गेला नव्हता. त्या दिवसानंतर तडजोडीचा रस्ता बुजला.

त्यात शहा एक पाऊल पुढे, एक मागे. नोव्हेंबरात लष्करी सरकार नेमलं आणि त्याच दिवशी टीव्हीवर येऊन लोकांच्या क्रांतीचा आवाज ऐकल्याचं सांगितलं. असं भाषण ऐकून कोणता जनरल पुढाकार घेईल? लहान गावांतून सक्तीने भरती झालेले शिपाई समोरच्या गर्दीत आपलीच माणसं बघत होते. ११ डिसेंबरला, आशुराच्या म्हणजे मोहरमच्या शोकदिवशी, तेहरानमधल्या लवीझानच्या बराकीत शिपायांनी शाही रक्षक दलाच्या अधिकाऱ्यांवरच गोळ्या झाडल्या. त्याच दिवशी रस्त्यावर लाखोंचा मोर्चा.

शेवटचा घाव तंत्रज्ञांनी घातला. ९ फेब्रुवारीच्या रात्री दोशान तप्पे हवाई तळावर हुमाफर, म्हणजे हवाई दलाचे तंत्रज्ञ, आणि शाही रक्षक भिडले. १० तारखेला सरकारने संचारबंदी दुपारी साडेचारला आणली, खोमेनींनी ती मोडायला सांगितली, शस्त्रागारं फुटली. ११ ला वरिष्ठ सेनापतींनी तटस्थतेची घोषणा केली. जनरल हायझर हे अमेरिकन गृहस्थ महिनाभर सैन्य एकसंध ठेवायला तेहरानात बसून होते, तेही आठवडाभर आधीच निघून गेले होते.

वऱ्हाडी_माणूस
तुमी तिघंई शहा पडेपर्यंतच थांबता, बावा. पडल्यावर कोण बसला त्याच्यावरून पाडणारा वळखा ना. डिसेंबरच्या शेवटी देशात घासलेट नाई, थंडी कडाक्याची. खोमेनीनं पॅरिसजवळून बाजरगान नावाच्या विरोधी नेत्याची कमिटी नेमली अन् तेलवाल्यायले सांगितलं, देशापुरतं तेल काढा. म्हंजे नळ कवा बंद ठेवाचा अन् किती उघडाचा, हे सांगणारा सरकारच्या बाहेर बसून होता. सरकार अजून बदललंई नव्हतं. मंग महालकर, तुमचा संप कोणाच्या हाती गेला?

महालकर
संप सुरू करणं आणि शेवटी त्याची सूत्रं कुणाकडे गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्शल लॉ हटवा, राजकीय कैदी सोडा, या मागण्या कामगारांनी स्वतः मांडल्या होत्या, त्या मिंबरावरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून, आल्या नव्हत्या. वऱ्हाडीभाऊ, तुमच्या न्यायाने ८ मार्च १९७९ ला हिजाबसक्तीविरुद्ध तेहरानात निघालेल्या बायका क्रांतीत नव्हत्याच म्हणायच्या का? महिन्याभरापूर्वीपर्यंत त्याच रस्त्यांवर त्या शहाविरुद्ध चालत होत्या.

इतवारीकर
होत्या की. पण ३०-३१ मार्चच्या मतदानात पर्याय काय ठेवले ते बघा: इस्लामी प्रजासत्ताक, हो किंवा नाही. तिसरा कागद पेटीत टाकायची सोयच नव्हती. प्रश्न लिहायचा अधिकार ज्याच्याकडे होता, त्यानेच शहाला पाडलं, माझं एवढंच म्हणणं.

कामठी_रोड
प्रश्न लिहायला बसायच्या आधी समोरचे रणगाडे बराकीत परतावे लागतात. ११ फेब्रुवारी वगळून मार्चवर उडी मारू नका.