मदत हवी आहे : बारवांवरील पुस्तकाचे ई-हक्क प्रकाशकांना द्यावेत की स्वतःकडे ठेवावेत?

सस्नेह नमस्कार,

मराठवाड्यातील बारवांवरील (पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवरील) माझे पुस्तक छापण्यास एक प्रकाशक तयार आहेत. मात्र त्यांच्या करारात छापील आवृत्तीसोबत ई-पुस्तकाचे हक्कही मुदतीचा उल्लेख न करता मागितले आहेत. प्रताधिकार अधिनियम, १९५७च्या कलम १९ नुसार मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही ई-हक्क वगळण्याची विनंती करावी, असे मन सांगते.

दुसरा मार्ग किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तक मंचावर, स्वतः प्रकाशित करण्याचा. तेथे मानधनाचे (रॉयल्टीचे) ३५ आणि ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर किंडलच्याच ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत नोंदणी करून नव्वद दिवस ते ई-पुस्तक इतरत्र कोठेही न विकण्याचे बंधन स्वीकारावे लागते. शिवाय ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकारानुसार वितरणखर्च वजा होतो, आणि माझ्या पुस्तकात तर ऐंशी छायाचित्रे आहेत! किंमत शंभराच्या आसपास ठेवली, तर हाती काय उरणार? अडीचशे ठेवली, तर छापील प्रत सोडून कोणी ते घेईल का?

सचित्र मराठी ई-पुस्तक स्वतः काढलेल्यांनी कृपया सांगावे : आपण किंमत कशी ठरवली, छायाचित्रे किती लहान केली, आणि ई-हक्क राखून ठेवण्यास आपले प्रकाशक राजी झाले का? करारावर मला या महिनाअखेरीस सही करायची आहे.