वाजवायचं कुठे आणि ठेवायचं कुठे? नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

आमच्या बँडला गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा जागा सोडावी लागली. मनीषनगरात एका इमारतीच्या तळमजल्यावरची खोली होती, महिन्याला साडेचार हजार. ड्रमसेट, दोन गिटार अँप (म्हणजे अँप्लिफायर), बास अँप, मिक्सर, स्टँड, केबलच्या दोन पेट्या, सगळं तिथेच राहायचं आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव. पहिल्या दिवशी मालकांना आम्ही "थोडा आवाज होईल" एवढंच सांगितलं होतं. चूक तिथेच झाली. त्यांच्या डोळ्यांसमोर तबला-पेटी होती. बंद खोलीत ड्रमचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, हे आम्ही त्यांना ऐकवूनच जागा घ्यायला हवी होती. वरच्या मजल्यावर दहावीची मुलगी होती. तिचे बाबा दोनदा शांतपणे बोलून गेले, तिसऱ्यांदा मालकच आले.

आता ड्रम माझ्या दिवाणाखाली आहेत, अँप प्रतापनगरला, मिक्सर जरीपटक्याला. सरावाआधी सामान गोळा करण्यातच दीड तास जातो, म्हणून सराव टळतो. सामान आणि सराव एकाच छपराखाली नसले तर बँड हळूहळू विरतो, हे मी डोळ्यांनी बघतोय. ज्यांनी नागपुरात जागा शोधली, टिकवली किंवा गमावली, त्यांनी कृपया लिहा. वाद्य कोणतंही असो. भाडं किती, शेजाऱ्यांशी कसं जमवलं, उन्हाळ्यात सामानाचं काय केलं, सगळं सांगा.

एक गोष्ट मीच सांगून टाकतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. आम्ही अडीचशे लावले. खोलीतला घुमारा जरा कमी झाला, बाहेर मात्र आवाज तेवढाच. आवाज अडतो तो वजनाने: जाड भिंत, भरीव लाकडाचं दार, आणि दाराखालची फट रबराने बंद.

वाडी, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो

आमचं सामान नऊ वर्षांपासून एका बिछायत केंद्राच्या गोदामात आहे. गाद्या, खुर्च्या, मंडपाचे पाइप, स्वयंपाकाचे मोठाले गंज (पातेली), आणि मागच्या कोपऱ्यात आमचे स्पीकर. भाडं दोन हजार. शिवाय शेठच्या घरचं कार्य असलं की साउंड आमच्याकडून. अमरावती रोडवर रात्रभर ट्रक सुरू असतात, आजूबाजूला सगळी ट्रान्सपोर्टची गोदामं, त्यामुळे आवाजाची तक्रार एकदाही आली नाही. तीन बाजूंना कापसाच्या गाद्यांच्या थप्प्या आहेत. गाणारा म्हणतो, इथे शब्द जेवढा स्वच्छ ऐकू येतो तेवढा सभागृहातही येत नाही. बास मात्र गाद्यांना जुमानत नाही, वरचा पत्रा थरथरतो.

पण भाऊ, मे महिना सांभाळा. बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या शेडखाली काय होत असेल ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या अकूस्टिक गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती पट्टी, उखडला, गोंद सैल पडला होता. तेव्हापासून एप्रिल ते जून गिटार आणि कीबोर्ड घरी, गोदामात फक्त स्पीकर आणि लोखंड. घरीही कुलरच्या झोतात ठेवू नका. ओल्या हवेने तारा गंजतात आणि लाकूड फुगतं. आणि केबल टिनाच्या पेटीतच ठेवा. उंदरांनी आमची एक मल्टीकोर (अनेक तारा एकत्र असलेली) केबल आठवडाभरात संपवली होती.

ढोल-ताशा पथक, महाल

आमचा प्रश्न उलटा आहे. वाजवायला मैदान मिळतं, पण ४० ढोल ठेवायला कोणी जागा देत नाही. तेही ऐन पावसाळ्यात, कारण सराव आषाढ-श्रावणातच. पहिल्या वर्षी प्रत्येकीने आपला ढोल घरी नेला. दोन खोल्यांच्या घरात ढोल म्हणजे आणखी एक माणूस. तीन मुलींनी तेवढ्यासाठी पथक सोडलं. त्यांच्या घरच्यांना मी दोष देत नाही, पण आजही वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी एका मुलीच्या मामांनी लकडगंजातली बंद पडलेली आरामशीन उघडून दिली. कोरडी, उंच, ट्रक दारापर्यंत येणारी. तिथे लाकूड आहे म्हणजे वाळवीही आहे. म्हणून विटांवर फळ्या टाकून ढोल जमिनीपासून वर ठेवतो, भिंतीलाही टेकवत नाही. दोऱ्या सैल करूनच ठेवायच्या. ढोलाच्या तोंडावरचं कातड्याचं पान दमट हवेत ढिलं पडतं, म्हणून आता बहुतेक ढोलांना फायबरची पानं आहेत.

मैदानावर साडेसहा ते साडेआठ. पहिल्या दिवशी आम्ही चौघी आजूबाजूच्या प्रत्येक घरी जाऊन वेळ सांगून आलो, एकीचा फोन नंबर देऊन आलो. एका काकूंनी विचारलं, "पोरींनो, रोज करून राहिले का?" रविवार सुट्टी ठेवली, त्या खूश.

इंदोरा, भीमगीतांची गायन पार्टी

आम्ही विहारात बसतो. ढोलकी, बँजो, हार्मोनियम, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), दोन कॉलम स्पीकर माळ्यावर, किल्ली समितीच्या काकांकडे. भाडं नाही. विजेच्या बिलात वाटा देतो आणि बुद्धपौर्णिमेला गातो. १४ एप्रिलच्या आधीचे दोन महिने आणि दसऱ्याआधीचा महिना रोज सराव असतो. मुलं खिडकीत बसून ऐकतात. आमचा आत्ताचा ढोलकीवाला तसाच खिडकीतून आत आला. वस्तीला आमचा आवाज आपला वाटतो, म्हणून ती तो सहन करते. पण परीक्षेच्या दिवसांत आम्ही स्पीकर लावत नाही, नुसती ढोलकी-पेटी. हे कोणी सांगितलेलं नाही, आम्हीच ठरवलं.

धंतोली, मी वाद्य वाजवत नाही

मी शेजारीण आहे, तरी लिहिते. आमच्या मागच्या घरात चार मुलं सराव करायची. माझे यजमान तेव्हा अंथरुणाला खिळलेले. आवाजापेक्षा त्रास व्हायचा तो हादऱ्याचा, पलंगाखालून ठोका यायचा. मुलगा म्हणाला, पोलिसांत जा. कायद्याने माझी बाजू होती: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि स्वतःच्या घरातल्या वाद्याचा आवाजही हद्दीपाशी त्याहून ५ पेक्षा जास्त वर जाता कामा नये. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र घोषित होऊ शकतो, तिथे तर आणखी कमी. मी गेले नाही. मुलांनाच घरी बोलावलं आणि यजमानांच्या पलंगावर बसवलं. मागे एकाला वाजवायला सांगितलं. त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रमखाली प्लायवूडचा पाट केला, दोन फळ्यांच्या मधे टेनिसचे चेंडू बसवून. हादरा बराच थांबला. वेळ ठरली पाच ते सात. यजमान गेले तेव्हा ती मुलं खांद्याला होती.

तुम्हीही आधी शेजारच्या घरात बसून स्वतःचा आवाज ऐका, एवढंच माझं सांगणं.

काटोल रोड, गिटार

तासावर मिळणारे स्टुडिओ मी करून पाहिले. जागा चांगल्या असतात, पण सामान ठेवू देत नाहीत.

आम्हाला यश मिळालं ते लग्नाच्या लॉनमध्ये. चातुर्मासात लग्नं नसतात, लॉन चार महिने रिकामं पडतं, चौकीदाराचा पगार मात्र सुरूच असतो. मालकाला महिन्याला तीन हजार म्हटलं, तर ते लगेच हो म्हणाले. वधूपक्षाची खोली पक्क्या स्लॅबची, तिला कुलूप, शेजारी दोन्हीकडे शेत. दिवाळीनंतर सीझन लागला की खोली सोडावी लागते. तेव्हा सामान त्यांच्याच स्टोअररूममध्ये जातं आणि लग्न नसलेल्या वारी सराव करतो. एक नक्की करा: लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, ११ महिन्यांचा असला तरी. करारात "संगीताचा सराव" हे शब्द आणि वेळ लिहा. आणि विजेचा लोड आधी विचारा, आमच्या अँपनी पहिल्याच दिवशी एमसीबी (लोड वाढला की वीज तोडणारा खटका) पाडला होता.

आमच्या शेजारची वरपक्षाची खोली रिकामी आहे. मालक दुसरा बँड शोधताहेत.

धागा सुरू करणारा

काटोल रोडवाले दादा, रविवारी सकाळी येऊ का? ड्रम घेऊनच येतो. मालकांना आधी पूर्ण जोरात वाजवून दाखवायचंय, आणि शेजारच्या शेतात कोण राहतं तेही विचारून ठेवा. धंतोलीच्या काकू, चेंडू किती आणि कसे लावले होते ते त्या मुलांना विचारून सांगाल का?