वडिलांची 1996 सालची मारुती 800: ठेवावी की निरोप द्यावा?

प्रश्न – सातारकर

आमच्या घरातली पहिली गाडी, 1996 सालची पांढरी मारुती 800, साताऱ्याच्या घरी पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून ती घेतली होती. त्याआधी आम्ही चौघे एका स्कूटरवर बसून जेजुरीला जात असू. ताईची पाठवणी याच गाडीतून झाली आणि आजीला शेवटचे दवाखान्यात नेले तेही हिच्यातूनच. पेट्रोल भरले की वडील एका वहीत तारीख, किलोमीटर आणि सोबत कोण होते हे लिहून ठेवीत. ती वही अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. दृष्टी अधू झाल्यापासून त्यांनी गाडी चालवणे सोडले, तरी दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत.

नोंदणीची मुदत 2026 मध्ये संपते आहे. मी पुण्यात राहतो आणि तिथे दुसरी गाडी लावायला जागा नाही. गाडी विकायची नाही असे ताई म्हणते, तर आईला अंगण मोकळे हवे आहे. वडील काहीच बोलत नाहीत, आणि मला तेच सर्वांत जड जाते. अशा वेळी आपण काय केले?

प्रतिसाद – घाटवाट

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकृत करता येते. त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते, विमा आणि पीयूसी चालू असावे लागतात आणि पर्यावरण करही भरावा लागतो. 20 वर्षांवरील मोटारींचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये झाले आहे.

मात्र खरा प्रश्न कागदांचा नाही. उभ्या गाडीच्या टाकीत ओल धरते, इथेनॉलमिश्रित पेट्रोल साचून राहिले की जुने रबरी पाइप खराब होतात, कार्बोरेटरची जेट (पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रे) तुंबतात आणि ब्रेक जाम होतात. त्यामुळे गाडी ठेवायची असेल तर ती नियमित चालवणारा माणूस आधी ठरवा. नुसती झाकून ठेवणे म्हणजे ती जपणे नव्हे.

प्रतिसाद – कुर्लेकर

आमची प्रीमियर पद्मिनी मोटार होती, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. ती चालवणारे कोणी उरले नाही तेव्हा आम्ही नोंदणीकृत भंगार केंद्रात दिली आणि गाडी तिथे जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र घेतले. आपणही तसा निर्णय घेतलात, तर ओळखीच्या गॅरेजवाल्याला तोंडी व्यवहारावर गाडी देऊ नका, कारण नाव बदलले नाही तर पुढची जबाबदारी कागदोपत्री वडिलांवरच राहते. ती वही मात्र आधी काढून घ्या. आम्ही गाडी देण्याआधी घरातल्या सगळ्यांना गाडीत बसवून एक फेरी मारली होती, आणि आईला त्याचे आजही समाधान वाटते.

प्रतिसाद – अंगणवाट

14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली हरपाल सिंग यांना मिळाली. त्यांनी ती गाडी 2010 मध्ये मृत्यू होईपर्यंत सांभाळली. पुढे ती घराबाहेर उभी राहून गंजत गेली, आणि नंतर कंपनीने दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली. आपल्या गाडीसाठी कोणतेही मुख्यालय पुढे येणार नाही, म्हणून निर्णय वडिलांच्या हयातीत आणि त्यांच्याच तोंडून व्हावा असे मला मनापासून वाटते. त्यांना "ठेवू की देऊ?" असे विचारू नका, कारण मुलांवर भार नको म्हणून ते "देऊन टाका" म्हणतील. गाडी आधी दुरुस्त करून घ्या, त्यांना शेजारच्या सीटवर बसवून माहुलीपर्यंत घेऊन जा आणि मग विषय काढा.

सातारकर

सर्वांचे आभार. कार्बोरेटरचे काम जाणणारे एक मिस्त्री पोवई नाक्याजवळ आहेत, त्यांना रविवारी घरी बोलावले आहे. टाकी उतरवून साफ करावी लागेल असे त्यांनी फोनवरच सांगितले. ताईही त्या दिवशी येणार आहे.