एक्सेल आधी मॅकवर आलं
‘मॅकवाले कलावंत, विंडोजवाले कारकून’ अशी अ‍ॅपलचे मॅक संगणक वापरणारे आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली वापरणारे यांची वाटणी केली जाते; ती मला मुळीच पटत नाही. कारकुनीचा शिक्का बसलेलं एक्सेल हे आकडेमोडीच्या तक्त्यांचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टनं १९८५ मध्ये आधी मॅकसाठीच काढलं. विंडोजवर ते आलं १९८७ मध्ये.

१९९७ साली बॉस्टनच्या मॅकवर्ल्ड या मॅकप्रेमींच्या मेळाव्यात अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्जनी अ‍ॅपलमध्ये मायक्रोसॉफ्टची १५ कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. पडद्यावर मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स दिसताच लोकांनी हुर्यो उडवली. अ‍ॅपल तेव्हा तोट्यात गळ्यापर्यंत बुडालेली! मॅकसाठी पाच वर्षं ऑफिस (एक्सेल, वर्ड वगैरेंचा संच) काढत राहण्याचं वचनही त्याच करारात होतं. हुर्यो उडवणाऱ्यांच्या असल्या निष्ठेनं अ‍ॅपलचं काय भलं होणार होतं?

असा कंपूपणा तिसऱ्या गटातही आहे. लिनक्स ही विंडोजसारखीच, पण खुली आणि फुकट प्रणाली मला मनापासून आवडते, म्हणून तिथे नवख्याला ‘आधी मॅन्युअल वाच’ म्हणून झटकतात याचा जास्तच राग येतो.