कडक भाकरी खपते, पण बायकांच्या हातात काही उरत नाही

माळदांडी:

नमस्कार. मंगळवेढ्याजवळच्या एका गावातून लिहितेय. आमचा दहा जणींचा बचत गट आहे आणि मी त्याची सचिव. सचिव म्हणजे काय, तर बारावीपर्यंत शिकलेली मी एकटीच, म्हणून वही माझ्या गळ्यात.

गेल्या भोगीपासून आमच्यातल्या सहा जणी कडक भाकरी करून विकतोय. ज्वारी आमच्याच रानातली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आम्हाला अजून एवढाच उपयोग झालाय की ते लेबलवर छापावं का नको यावर दोन बैठका झाल्या.

ज्यांनी ही भाकरी होताना बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. पीठ ताजं लागतं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते. साध्या भाकरीपेक्षा पातळ थापायची, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि मग दुसऱ्या तव्यावर मंद आचेवर फडक्याच्या बोळ्यानं दाबत बसायचं. दाबायला चुकलं की कडा वर उचलतात, ती भाकरी पाकिटात बसत नाही. चार तास बसलं तर एका बाईच्या हातून साठ होतात. पाठीचं काय होतं ते विचारू नका.

आता अडचण. पुण्याचा एक दुकानदार दहा भाकरींचं पाकीट ५० रुपयांना घेतो. दिवाळीपासून त्याच्याकडे १८,४०० रुपये अडकलेत. फोन केला की "ताई, पुढच्या आठवड्यात." दामाजीपंतांनी धान्याचं कोठार उघडलं होतं, आम्ही उधारीचं उघडून बसलोय. सहातल्या दोघी खुरपणीला जायला लागल्या. त्यांचं तरी काय चुकलं, तिथं संध्याकाळी ३०० रुपये हातात पडतात.

त्यात एक साहेब येऊन सांगून गेले की भाकरीचं मशीन घ्या, चार लाखांचं कर्ज करून देतो, अनुदान आहे. बायका हुरळल्यात. मला झोप नाही. आमच्या थोरल्या काकू अंगठा उठवतात, पण कुणी किती भाकरी केल्या ते भिंतीवर कोळशानं रेघा मारून ठेवतात आणि माझ्या वहीतली चूक पकडतात. त्या म्हणाल्या, "मशीन भाकरी करंल, पैसे कोण मागंल?" मशीन घ्यावं का?

निवृत्त_रोखपाल:

काकूंना माझा नमस्कार सांगा. बँकेत तीस वर्षं काढली, कर्ज मागायला आलेल्यांत इतका नेमका प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

तुमचे साहेब बहुधा प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेबद्दल बोलत असावेत. ती २०२० सालची. अनुदान ३५ टक्के, कमाल १० लाख. पण ते रोख हातात येत नाही. बँकेत तुमच्या नावावर बाजूला राहतं आणि तीन वर्षं कर्ज नीट फेडलंत तरच कर्जात वळतं होतं. शिवाय किमान १० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. म्हणजे हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू. ज्या गटाचे साडेअठरा हजार एका दुकानात अडकलेत, त्यानं हप्ता कशातून भरायचा? त्याच योजनेत गटातल्या प्रत्येक सदस्येला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळण्याची सोय आहे, तवे-शेगड्यांसारख्या लहान साधनांसाठी आणि खेळतं भांडवल म्हणून. ते बचत गटांच्या संघामार्फत येतं. तुमच्या ग्रामसंघात आधी त्याची चौकशी करा. साहेब मशीनचंच का सांगतात, हे त्यांनाच विचारा. मी वाईट बोलत नाही.

दुसरं म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केलीत का? ऑनलाइन होते, फुकट होते. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणी असलेल्या लघुउद्योगाचे पैसे खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासकट. जुन्या उधारीला तो लावणं अवघड आहे, कारण माल दिला तेव्हा नोंदणी नव्हती. पण पुढच्या प्रत्येक बिलावर नोंदणी क्रमांक आणि "४५ दिवस" एवढं छापा. दुकानदार कायदा वाचत नाही, पण बिल वाचतो.

अंगठ्यावरून आठवलं. तुमच्याच माणदेशाच्या बाजूला म्हसवडला बायकांची माणदेशी बँक १९९७ ला उभी राहिली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर. त्या शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो, तुमचे अधिकारी यंत्रावर करू देत. काकूंना ही गोष्ट जरूर सांगा.

डिजिटल_दादा:

मार्केटिंग कमी पडतंय. इन्स्टावर रील टाका, ब्रँड करा, थेट ग्राहकाला विका. मधला माणूस हवाच कशाला?

माळदांडी:

दादा, रील टाकली होती. ४१ जणांनी "किंमत?" विचारलं, तिघांनी घेतलं. एका पाकिटाला कुरिअर ९० रुपये, आणि नागपूरला पोचेपर्यंत भाकरीचं पीठ झालं. पुन्हा दळून आलं म्हणायचं.

रोखपालकाका, उद्यम नोंदणी आज लेकीकडून करून घेतली. खरंच फुकट झाली. गावातल्या एका केंद्रावर ८०० सांगितले होते.

वणाईवाली:

ताई, तुमचा हिशेब मांडला का? पाकीट ५० ला देता, त्यात तुमची मजुरी किती?

माझी आई मुंबईत लिज्जतचे पापड लाटायची. सकाळी जाऊन मळलेलं पीठ आणायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड वजन करून द्यायचे. त्या लाटण्याच्या पैशाला "वणाई" म्हणतात. पापड दुकानात खपला की पडून राहिला, हे आईनं कधी विचारलं नाही. तिनं लाटला, तिला पैसे मिळाले. नफा-तोटा नंतरची गोष्ट. १९५९ साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन हे सुरू केलं, त्यांची ही खाती वेगळी ठेवायची अक्कल मला सगळ्यात मोठी वाटते. बाकी सगळे जाहिरातीतला ससा लक्षात ठेवतात.

तुम्ही उलटं करताय. पीठ, गॅस, पिशवी सगळं मोजता, आणि उरेल ती मजुरी. उरत नाही म्हणून बायका खुरपणीला जातात. आकडे टाका, मी मांडून देते.

माळदांडी:

टाकते. किलोभर पिठाच्या २० भाकरी. ज्वारी ४८ आणि दळण ६, म्हणजे पाकिटाला पीठ २७ रुपये. गॅस ५, पिशवी-लेबल ४. झाले ३६. उरले १४. साठ भाकरींची सहा पाकिटं, म्हणजे चार तासांचे ८४ रुपये.

लिहिताना लाज वाटली. वर्षभर वही माझ्याकडे आहे आणि हे मी एकदाही असं मांडलं नव्हतं.

वणाईवाली:

लाज कसली, कुणीच मांडत नाही. भाकरीमागे अडीच रुपये थापणावळ धरा. साठ भाकरींचे दीडशे, अर्ध्या दिवसाच्या खुरपणीइतके. पाकिटाचा खर्च ३६ अधिक २५, म्हणजे ६१. फूट, वाहतूक आणि गटाची शिल्लक धरून ७५ ला द्या. न परवडणाऱ्या दुकानदाराला "बरं" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मुख्य म्हणजे थापणावळ दर शनिवारी द्या, माल विकला असो वा नसो. त्यासाठी चार-पाच हजारांची पुंजी वेगळी ठेवा. गटात अंतर्गत कर्ज देताच ना, तसं हे गटानं स्वतःलाच द्यायचं.

कर्वे_रस्ता:

मी खाणाऱ्यांच्या बाजूनं. आमचं माहेर बार्शीचं, आमच्याकडे कडक भाकरी आमटीत कुस्करूनच खातात. मग फुटलेल्यांची पाकिटं वेगळी करून स्वस्तात का देत नाही? आणि अखंड भाकरी मिठाईवाल्यांच्या चपट्या पुठ्ठ्याच्या डब्यात भरा, वर-खाली पुठ्ठ्याची चकती घालून. कुरिअर नको, एसटीच्या पार्सलनं स्वारगेटला टाका. आमच्या सोसायटीत सोलापूरकडची बारा घरं आहेत, महिन्याला तीस पाकिटं नक्की. पैसे आधी पाठवू. सोबत शेंगाचटणी असेल तर पन्नास पाकिटं. पण चटणी उखळात कुटलेलीच हवी, तेल सुटलेली. मिक्सरची नको.

माळदांडी:

तीन आठवड्यांनी लिहितेय. हुरडा, लग्नसराई, सगळं एकदम आलं.

मशीन नको असं बैठकीत ठरलं. दोघी नाराज आहेत, अजून धुसफूस चालू आहे. दुकानदाराला ७५ चा भाव कळवला. तो हसला. मग मी नोंदणी क्रमांक टाकलेलं नवं बिल पाठवलं. चार दिवसांनी जुन्यातले दहा हजार आले, बाकीचे बघू. माल मात्र त्यानं बंद केला. पोटात गोळा आला होता, पण बार्शीच्या ताईंच्या सोसायटीची दोन पार्सलं गेली आणि शेजारच्या सोसायटीनंही विचारलंय. फुटलेल्या भाकरींची पाकिटं आधी संपली, हे मात्र कुणालाच वाटलं नव्हतं.

थापणावळीवर सगळ्यात जास्त भांडण झालं. एक जण म्हणाली, घरातल्या भाकरीचे कुणी पैसे घेतं का? काकूंनी तिला भिंतीपाशी नेलं आणि तिच्या नावापुढच्या रेघा मोजायला लावल्या. मग ती गप्प बसली.

परवा शनिवारी पहिली थापणावळ वाटली. काकूंच्या १६५ भाकरी झाल्या होत्या. मी ४१२ रुपये हातावर ठेवले. त्यांनी मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाल्या, "आठ आणे राहिले की गं." वहीत त्यांच्या नावावर लिहून ठेवलेत.