मदत हवी आहे: बुलेटसाठी बिग बोअर किट बनवून विकायचंय, कायद्याचं काय?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत काकांचं छोटं मशीन शॉप आहे, तिथेच मी आणि मित्राने बुलेट ३५० साठी मोठ्या बोअरचं (म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास वाढवलेलं) सिलिंडर किट बनवलंय, गाडी मस्त पळते पण आता विकायचं म्हटलं तर सगळीकडे भिंतच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही, आणि बोअर वाढवला की सीसी बदलणारच ना! कलम १८२अ मध्ये तर मालकाला दर बदलामागे ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद. मग गिऱ्हाईक घेणार कशाला?

खर्चाचं तर विचारूच नका. कास्टिंग इथे होतं, पण फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) पिस्टनवाला म्हणतो किमान २०० नग घ्या, डायचे (साच्याचे) पैसे वेगळे, आमचे जेमतेम ३० विकले जातील.

बॉक्सवर 'फक्त ट्रॅकसाठी' (म्हणजे रस्त्यावर नाही, रेसिंग ट्रॅकवरच) छापलं तर विकणारा सुटतो का? आणि एआरएआयकडून (गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी पुण्याची संस्था) टेस्टिंग करून घेतलेलं कोणी आहे का इथे, साधारण किती खर्च आला? काका रोज विचारतात, मशीन कधी मोकळं करताय.